तळ दिसालाय

शाळेत भाला आणि थाळी मोजायला पन्नास मीटरची एक फीत आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये एका सकाळी ती खांद्यावर टाकून मी नदीवर गेलो. बरोबर पाच मुलं, नायलॉनचं चऱ्हाट, ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब, दोन बांबू आणि गळ्यात शिट्टी. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी तुंबून थांबतं, तिथं काठाकाठानं पंचवीस मीटर मोजले. दोन्ही टोकांना कमरेइतक्या पाण्यात बांबू ठोकले आणि त्यांच्यामध्ये चऱ्हाट ताणलं. धुणं घेऊन आलेली एक आजी बराच वेळ बघत उभी होती.

"मास्तर, नदी मोजून काय करणार?"

"पोरांना बेळगावला पोहायला न्यायचंय, आज्जी."

"का? हितं पाणी कमी पडलं व्हय?"

मी हसलो आणि शिट्टी वाजवली. तिच्या प्रश्नात किती अर्थ होता ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं.

मी बोरगावचाच. सीमाभागातल्या मराठी शाळेत शारीरिक शिक्षक म्हणून नोकरी करतोय त्याला वीस वर्षं होऊन गेली. खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल, उड्या, गोळाफेक, रिले. क्लस्टर, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत पोरं जातात, बहुतेक तालुक्यालाच थांबतात, एखादं पुढं जातं. दरवर्षी शाळा सुरू झाली की शिक्षण खात्याचे फॉर्म येतात, कन्नडमध्ये. मी ते वाचतो, भरतो, पोरांना मराठीत समजावतो. आमच्याकडं हे कुणाला वेगळं वाटत नाही. बाजारात एक वाक्य या भाषेत आणि दुसरं त्या भाषेत असतंच. तर त्या फॉर्मच्या यादीत 'ईजु' हा शब्द दरवर्षी असायचा. ईजु म्हणजे पोहणं. त्याच्यापुढचा रकाना मी दरवर्षी रिकामा सोडायचो. तलाव नाही, प्रशिक्षक नाही, मग कोण जाणार, असं मनात धरून पुढच्या खेळाकडं वळायचो. त्या वर्षी फेब्रुवारीत जुनी दप्तरं आवरताना सात-आठ वर्षांचे फॉर्म एकदम हाताला लागले. प्रत्येकावर त्याच जागी तीच रेघ, माझ्याच हातची. नदीकाठचं गाव, घरटी एक पोहणारा, आणि शाळेकडून पोहायला कुणीच नाही. मला लाज वाटली.

आमची नदी दूधगंगा. राधानगरी तालुक्यात काळम्मावाडीला तिच्यावर मोठं धरण आहे. तिथून कागलच्या शिवारातून ती खाली येते, वाटेत वेदगंगा तिला मिळते आणि पुढं ती कृष्णेत जाते. तिच्यावर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की बंधाऱ्याला बरगे घालतात, पाणी अडतं, आणि उन्हाळ्यात त्या अडलेल्या पाण्यावर ऊस जगतो. मृगाच्या आधी बरगे काढतात. मग जुलै-ऑगस्टात कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे बंधारे पाण्याखाली गेल्याच्या बातम्या येतात आणि माणसं लांबचा वळसा घालून जातात. म्हणजे आमच्या गावाला पोहायला लायक असं थांबलेलं पाणी फेब्रुवारी ते मे एवढंच. आणि निवड चाचणी असते ती पावसाळ्यात. ज्या महिन्यात बेळगावच्या तलावावर घड्याळ लावून पोरं पोहतात, त्या महिन्यात आमच्या नदीत पाय घालायची सोय नसते. हे गणित मला आधी सुचायला हवं होतं. मी एप्रिलच्या पाण्यावर खूश होतो.

पाच मुलं कशी निवडली तेही सांगायला पाहिजे, कारण खरी चूक तिथंच झाली.

आमच्याकडं नदीची पोरं आणि विहिरीची पोरं असा एक जुना भेद आहे. मी नदीचा. माझ्या वडिलांनी माझ्या पाठीला पांगिऱ्याचा बिंडा बांधून मला काठावरून आत सोडलं होतं. आठ दिवसांनी बिंडा सोडला आणि मी बुडालो नाही. नदीची पोरं पलीकडच्या काठाला जाऊन कणसं आणायची, पुलावरून सूर मारायची, उलट्या धारेला हात मारून दाखवायची. विहिरीची पोरं बिचारी पंचवीस-तीस फुटांच्या घेरात गोल गोल फिरणारी. मुटका मारला, भिजले, पायऱ्या चढून वर आले. त्यांना आम्ही पोहणारे मानतच नव्हतो. हे लहानपणी मनात बसलेलं होतं आणि बी.पी.एड. करूनही ते गेलं नव्हतं.

म्हणून निवड करताना मी पोरांना नदी पार करायला लावली. ट्यूब घेऊन मी मध्ये, आणि पोरं एका काठावरून दुसऱ्या काठाला. जो सगळ्यांत धीट, तो पहिला. तो होता नावाड्याचा नातू. दहावीला जाणार होता. त्यांची नाव आता फक्त पुरात लागते. 2019 च्या ऑगस्टात गावात पाणी शिरलं तेव्हा त्याचा आजा नाव घेऊन माणसं काढत होता आणि हे अकरा-बारा वर्षांचं पोर पुढच्या टोकाला बसून बांबूनं पत्र्यांचा, तारांचा अंदाज घेत होतं. ते दृश्य मी विसरलो नाही. त्या दिवशीच्या धिटाईला मी चार वर्षांनी पहिला नंबर दिला असं म्हटलं तरी चालेल.

दुसरी एक नववीतली मुलगी. वडील यंत्रमागावर इचलकरंजीला जातात, आई शेतात. ही बेडकासारखी, दोन्ही हात एकदम फाकवून, दम न लागता पोहायची. वेग फार नव्हता, पण शंभर वेळा हात मारला तरी पहिला आणि शंभरावा सारखाच. मग दोघे भाऊ, म्हशी धुवायला रोज नदीवर येणारे. आणि पाचवा विहिरीचा. त्याला मी संख्या भरायला घेतलं. नदी पार करताना तो मधूनच परत फिरला होता. पोरं त्याला हसली, मी त्यांना गप्प केलं, पण मनात माझंही मत तेच होतं.

सराव सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात लक्षात आलं की माझ्या पोरांना पोहायला येतं हीच पहिली अडचण आहे.

नदीत पोहणारा माणूस मान वर ठेवून पोहतो. त्याला बघावं लागतं. वाहून येणारा ओंडका, जलपर्णीचा पुंजका, समोरचा काठ किती सरकला, सगळं. मान वर राहिली की कंबर आणि पाय खाली जातात, अंग तिरपं होतं आणि पाणी छातीला अडतं. नदीत त्याचं काही बिघडत नाही, कारण तिथं घाई नसते. शर्यतीत मात्र तोंड पाण्यात घालून नजर तळाकडं ठेवायची आणि श्वास घ्यायला मान फक्त बाजूला वळवायची. पाण्यात उच्छ्वास सोडायचा. हे मी पुस्तकात वाचलेलं, बी.पी.एड.ला चार-दोन दिवस तलावावर केलेलं. नावाड्याच्या नातवाला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, मान खाली घातली तर जायचं कुठं ते कसं कळणार?"

"चऱ्हाटाच्या कडेनं जायचं."

"चऱ्हाट दिसत न्हाई की खाली. सगळं गढूळ."

खरंच होतं. आमच्या पाण्यात हातभर खालचंही दिसत नाही. तलावात तळाला काळी पट्टी रंगवलेली असते, तिच्यावर नजर ठेवून सरळ जाता येतं. आमच्याकडं मान खाली घालणं म्हणजे डोळे मिटण्यासारखंच.

दुसरी गोष्ट धारेची. त्याचा आजा एकदा सरावाला येऊन काठावर बसला होता. मी पोरांना सरळ जा, सरळ जा असं ओरडत होतो. म्हातारा म्हणाला, "मास्तर, धार छातीवर घ्यायची नसती, खांद्यावर घ्यायची. ती न्हेल तिकडं थोडं जायाचं आन् आपलं थोडं करायचं." नदी पार करण्याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आहे. तिरपं जायचं, खाली लागायचं, काठानं चालत परत यायचं. त्याच्या नातवाच्या हाडात हे मुरलेलं. थांबलेल्या पाण्यातही तो नकळत तिरपा जायचा, नसलेल्या धारेला खांदा देत. पंचवीस मीटरची ओळ सोडून चऱ्हाटाखालून पलीकडं निघायचा. मी शिट्टी वाजवून परत बोलवायचो. आता वाटतं, त्या पोराच्या अंगात जे शहाणपण होतं ते मी एप्रिल-मेचे सहा आठवडे चूक म्हणून खोडत होतो.

मुलीच्या घरी मी दोनदा गेलो. वडिलांची हरकत नव्हती. ते पाळीवरून आलेले, डोळे लाल, "सर म्हणतात तर जाऊ दे" एवढंच म्हणाले. आई बोलेना. दुसऱ्या खेपेला चहा ठेवत म्हणाली, "सर, पोहायला माझी ना न्हाई. ल्हानपणी मीबी पोहलोय माहेरात. पर तिथं सगळ्यांम्होरं अंगावर काय घालणार ती?"

नदीत ती पंजाबी ड्रेसवर पोहायची, ओढणी कमरेला आवळून. तलावात तो वेश चालत नाही. भिजल्यावर त्याचं ओझं होतं आणि बहुतेक तलावांचे नियमही नायलॉनच्या पोहण्याच्या कपड्यांचे असतात. मी आईला सांगितलं की जगाच्या स्पर्धांमध्ये 2010 पासूनच्या नियमानुसार बायकांचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंत असू शकतो. तोकडाच घालायला पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. मोबाइलवर एक फोटो दाखवला. तिनं तो जवळ घेऊन बघितला, बोटांनी मोठा करून शिवण बघितली. मग म्हणाली, "हे आपल्याकडं शिवून मिळंल का?" इचलकरंजी हे कापडाचं गाव, पण हे कापड तिथं मिळालं नाही. कोल्हापुरातून आणलं. पैसे मी दिले, तिनं दिवाळीनंतर ते परत केले. नको म्हटलं तरी केले.

कोल्हापूर म्हटलं की वीरधवल खाडेची गोष्ट मी पोरांना सांगायचो. आमच्यापासून कोल्हापूर तासा-दीड तासावर. 1991 साली तिथं जन्मलेला मुलगा 2008 साली बीजिंगच्या ऑलिम्पिकला गेला तेव्हा सतराचाही झाला नव्हता. 2010 च्या आशियाई खेळांत पन्नास मीटर बटरफ्लायचं ब्राँझ त्यानं आणलं. पण पोरांना मी सांगायचो ती 2018 ची जकार्तामधली शर्यत. पन्नास मीटर फ्रीस्टाइल, अंतिम फेरी. वीरधवल चौथा, 22.47 सेकंद. तिसरा आलेला जपानी 22.46. फळ्यावर मी भागाकार करून दाखवला. त्या वेगानं सेकंदाच्या शंभराव्या भागात माणूस दोन सेंटिमीटरच्या आसपास जातो. म्हशीवाल्या भावांमधल्या धाकट्यानं आपल्या बोटाचं वरचं पेर अंगठ्यानं मोजलं आणि मला दाखवलं. "एवढंच सर?" एवढंच. त्यानंतर आठवडाभर पाचही पोरं शेवटच्या बांबूला हात लांब करून लावत होती.

पण फक्त बांबूला हात लावून थांबलं, तर शंभर मीटर कधीच पुरे होत नाहीत. पन्नास मीटरच्या तलावात शंभर मीटर म्हणजे एकदा जाऊन भिंतीला लागून परत फिरणं. फिरताना पायानं भिंत जोरात रेटायची, हात डोक्यावर जोडून बाणासारखं पाण्याखालून सरकायचं. फुकटचे चार-पाच मीटर मिळतात आणि तेही पोहण्यापेक्षा जास्त वेगानं. पोहणाऱ्याला सगळ्यांत जास्त वेग मिळतो तो सूर मारताना आणि भिंत रेटताना. माझ्याकडं भिंत नव्हती. बांबूला रेटलं तर बांबू आडवा. बंधाऱ्याच्या खांबाला रेटायचं म्हटलं तर तिथं खाली ओढ असते, त्या बाजूला पोरं नेणं मला मान्य नव्हतं. ट्यूब धरून मी भिंत होऊन उभा राहायचो आणि पोरं माझ्या हातांना पाय लावून फिरायची. मला वाटलं, भागलं.

2023 चा पाऊस लांबला. जून कोरडा गेला. बरगे काढलेले, पाणी उतरलेलं, नदीत डबकी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एकदम लागला आणि चार दिवसांत नदी पात्राबाहेर. सराव बंद. दोन महिन्यांत पोरं फक्त तीन वेळा पाण्यात उतरली, तीही पाचव्याच्या विहिरीत, त्याच्या चुलत्याला विचारून. विहीर तुडुंब होती. नदीत बाकीच्यांना हात आखडून पोहावं लागत नव्हतं, इथं लागत होतं. ती वैतागली. मी पायऱ्यांवर छत्री धरून उभा होतो आणि माझं लक्ष पोरं बुडू नयेत याकडं होतं. पाचवा काय करत होता, ते माझ्या डोळ्यांसमोर घडत असूनही मी बघितलं नाही. ऑगस्ट पुन्हा कोरडा गेला. नदी उतरली, पण लाल चिखलाची. त्या वेळेला एखादा दिवस पोरांना इचलकरंजीला किंवा कोल्हापूरला नेऊन तलावाचं पाणी दाखवायला हवं होतं. एसटीचं भाडं, तिकीट, पाच जणांचं जेवण. हिशेब केला, पुढच्या महिन्यावर ढकललं. त्या हिशेबाची मला अजून चुटपुट लागते.

चाचणीच्या दिवशी पहाटे निघालो. बोरगावातून निपाणी, निपाणीतून हायवेनं पाऊणशे किलोमीटर बेळगाव. बेळगावात पोहण्याची जुनी हवा आहे. गोवावेसचा तलाव आहे, जेएनएमसीच्या आवारातला मोठा तलाव आहे, क्लब आहेत, पहाटे पाचला आई-वडील पोरांना घेऊन येतात. आमच्या आधी आलेली पोरं काठावर खांदे फिरवत होती. टोप्या, गॉगल, पाठीवर क्लबचं नाव. आमच्या मुलांनी गॉगल आदल्या दिवशी पहिल्यांदा घातलेले. मुलीनं नवा पोशाख घालून वर टॉवेल गच्च धरलेला. मी कागद दिले. जन्मदाखला, शाळेचा दाखला, डॉक्टरचं पत्र, पालकांची सही. टेबलावरच्या बाई कन्नडमध्ये म्हणाल्या, बोरगाव म्हणजे नदीकाठचं ना, मग तुमची पोरं माशासारखी असणार. मी हो म्हटलं.

शंभर मीटर फ्रीस्टाइलला नावाड्याचा नातू. लांब शिट्टी झाली, पोरं ठोकळ्यांवर चढली. हा चढला आणि खाली बघितलं. बाकीचे वाकले, हा उभाच. मी काठावरून खुणा करत होतो. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. पुराच्या पाण्यात नावेच्या टोकाला बसणाऱ्या त्या पोराचे ओठ पांढरे पडले होते.

"सर," तो म्हणाला, मोठ्यानं नाही, पण मला ऐकू आलं, "तळ दिसालाय."

तेव्हा मला एकदम समजलं. तो आयुष्यभर ज्या पाण्यात पोहला त्याला तळ नव्हता. गढूळ पाणी किती खोल आहे ते दिसत नाही, म्हणून ते नुसतं पाणी असतं, त्याच्यावर झोपायचं आणि जायचं. इथं पाणी काचेसारखं, खाली निळी फरशी, काळी पट्टी, आणि माणूस आणि फरशी यांच्यामध्ये दोन पुरुष खोल रिकामं. पुलावरून सूर मारणाऱ्या पोराला वाटलं आपण पडणार. ही भीती मला कुठल्या पुस्तकात भेटली नव्हती. मी एक दिवस आधी त्याला हे पाणी दाखवलं असतं, कडेला पाय सोडून बसवलं असतं, तर ती तिथंच मोडली असती.

स्टार्टर थांबला, हे मी कायम लक्षात ठेवीन. त्यानं सगळ्यांना सरळ उभं राहायला सांगितलं, एक श्वास जाऊ दिला आणि पुन्हा सूचना दिली. सुरुवात झाली. नातवानं उडी मारली, सूर नव्हे. पायांवर पडला, वर आला आणि मान वर काढून पोहायला लागला. नदीत पोहतात तसा. तळाकडं बघायला नको म्हणून. पन्नास मीटरला भिंत आली तेव्हा तो थांबला, हातानं कठडा धरला, वळला आणि मग निघाला. शेवटचा आला. पुढच्या पोराची टोपी काढून झाली होती.

मुलीची शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक. सहा जणी. पन्नासला ती तिसरी होती आणि तिचा हात एप्रिलमध्ये होता तसाच, एकसारखा. मी उभा राहिलो. वळताना तिनं उजवा हात भिंतीला लावला, अंग फिरवलं आणि निघाली. काठावरच्या पंचाचा हात वर गेला. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात, वळताना आणि संपवतानाही. मी तो नियम तिला सांगितला होता. फक्त सांगितला होता. सराव झाला होता तो पाण्यात उभ्या असलेल्या मास्तरच्या हातांवर, आणि एका हातानं माझा हात धरून दुसऱ्या बाजूनं फिरणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. म्हणजे ती चूक तिला मीच शिकवली. ती तिसरी आली, वर आली, हसत माझ्याकडं बघितलं. ती बाद झालीय हे मला तिला सांगावं लागलं.

म्हशीवाले भाऊ मधल्या कुठल्याशा जागी आले.

राहिला पाचवा. त्याची शर्यत नावाड्याच्या नातवानंतरची, दुसऱ्या तुकडीत. त्याला खोलीची भीती वाटली नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी निवळशंख असतं, दहा-पंधरा फुटांवरचा दगड मोजता येतो, त्यात तो लहानपणापासून नाणी टाकून वर काढत आलेला. सूर बरा मारला. पन्नास मीटरपर्यंत चौथा होता. भिंत आली आणि तो आत गुडघे घेऊन फिरला, दोन्ही पाय रोवून असा काही रेटला की पाण्याखालून निघून दोघांच्या पुढं वर आला. मला आधी कळलंच नाही काय झालं. बाजूला उभ्या असलेल्या एका क्लबच्या प्रशिक्षकानं मराठीत विचारलं, "हे टर्न कुणी शिकवलं याला?"

कुणी शिकवलं? पंचवीस फूट घेराच्या विहिरीत दर पाच हातांना भिंत येते. ती रेटल्याशिवाय पोहणंच होत नाही. सात-आठ वर्षं हे पोर दगडी भिंतीला पाय लावून उलटसुलट फिरत होतं आणि आम्ही नदीचे लोक त्याला गोल फिरणं म्हणत होतो. जुलैत त्या पायऱ्यांवर छत्री धरून मी दहा फुटांवर उभा होतो.

दोन्ही तुकड्या मिळून तो तिसरा. पुढं दोघे गेले.

परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीला बसली होती. संकेश्वर गेल्यावर तिनं विचारलं, "सर, दोन हात कशाला लावायचे?" मी सांगितलं, म्हणजे कुणी एका बाजूला झुकून लवकर वळू नये, सगळ्यांना सारखं. तिनं थोडा विचार केला. "मग बरोबर हाय," म्हणाली, आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. नावाड्याचा नातू मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन पडलेला. पाचव्याला मी माझ्याजवळ बसवलं आणि नदी पार करायला सांगितल्यावर मधून का फिरलास असं विचारलं. "धार लागली की कळंना सर, कुठं पाय टेकायचा," तो म्हणाला. "विहिरीत कसं, जाईल तिकडं दगड असतो."

गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. म्हातारा स्टँडवर बसून होता. नातवानं मान खाली घातली. कितवा आला हे त्यानं विचारलं नाही, मला ना पोराला. विचारलं ते एवढंच, "पाणी कसलं हुतं?"

पोरगं आधी बोललं नाही. मग म्हणालं, "हलतच न्हाई आजा. नुसतं निळं. आन् औषधाचा वास."

"धार?"

"धार न्हाई."

"मग तू खांदा कशाला दिलास?" म्हातारा म्हणाला. तलावावर तो नव्हता, पण नातू पाण्यात काय करतो हे त्याला माहीत होतं.

पुढच्या वर्षी मी फॉर्मवरचा तो रकाना लवकर भरला. 2024 च्या मार्चपासून सराव दोन ठिकाणी. बुधवारी विहीर, रविवारी नदी. विहिरीच्या आतल्या बाजूला चुन्यानं एक चौकोन रंगवला, पाय तिथंच लागला पाहिजे म्हणून. मुलगी तिथं दोन्ही तळवे एकदम आपटून वळायची, इतक्या जोरात की दगडावर आवाज यायचा. त्या वर्षी तिच्यासाठी कुणा पंचानं हात वर केला नाही. चौथी आली. आणि मे महिन्यात, उसन्या पैशांत, सगळ्यांना घेऊन मी एक दिवस तलावावर गेलो. पोहायला नाही, नुसतं काठावर पाय सोडून बसायला. तासभर बसलो. मग म्हटलं, आता उतरा.

नावाड्याचा नातू तोवर दहावी होऊन निपाणीला कॉलेजात गेला होता. शाळेच्या फॉर्मवर त्याचं नाव घालता येत नव्हतं. तरी रविवारी तो नदीवर यायचा. पाचव्याला कमरेपर्यंत पाण्यात उभा करून, त्याचा डावा खांदा धारेकडं वळवून धरायचा आणि सांगायचा, "हां, आता सोड अंग. दगड शोधू नकोस. ती न्हेईल तिकडं जा थोडं."